हाडातली भिंत

शिरूरच्या माळावर वीझल नाही. दौंडच्या काळ्या रानातही नाही. भारतातले वीझल हिमालयाच्या आश्रयाने राहतात. भीमा आणि घोड यांच्या काठी तो कधी आला असेल असे मानायला आधार नाही. तरी त्याचे नातलग इथे आहेत. ते नेमके कोण, हे ठरवताना विद्वान शंभराहून अधिक वर्षे अडखळले.

वीझलांतला सर्वांत लहान तो लिनियसने 1766 मध्ये नोंदवला आणि त्याला मुस्टेला निवॅलिस हे नाव दिले. मांसाहारी गणात याहून लहान प्राणी नाही. काही माद्या 50 ग्रॅमही भरत नाहीत. ज्या गणात वाघ आहे त्याच गणात हा आहे. मोठ्याकडे पाहून कुळाची व्याख्या करायची ही फार जुनी सवय. मग त्या व्याख्येत लहानांना आपली जागा शोधत बसावे लागते.

हा प्राणी उंदराच्या बिळात मावतो, म्हणून जगतो. मावण्यासाठी अंग सडपातळ हवे. सडपातळ अंगातली ऊब लवकर निघून जाते. ती टिकवायला रोज स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक मांस लागते. बिळात शिरता यावे म्हणून जे शरीर मिळाले, ते पोसायला पुन्हा पुन्हा बिळात शिरावे लागते. ज्या गुणावर पोट चालते, तो गुण माणसालाही सहसा मोकळे सोडत नाही.

इथल्या शेतकऱ्याला वीझलाचे चित्र दाखवले तर तो मुंगूस म्हणेल. उत्तर चुकीचे आहे, पण दोष डोळ्यांचा नाही. लांब अंग, आखूड पाय, टोकदार तोंड, बिळांशी सलगी, उंदरावर नजर. दोघांना शेजारी उभे केले तर सख्खे भाऊ वाटतील.

मुंगूस इथला रोजचा. उसाच्या कडेला, चारीच्या काठाने तो जातो. आधी नाक, मग जमिनीला लागलेले अंग, शेवटी अंगाच्या तोलाची लांब शेपूट. मध्येच मागच्या पायांवर उभा राहतो आणि मान वळवून पाहतो. डोळा तांबूस, बाहुली आडवी. रंग दुरून राखाडी. जवळून पाहिले तर राखाडी असा एकही केस सापडत नाही. एकेका केसावर पांढुरके आणि गडद पट्टे आळीपाळीने असतात, आणि दुरून ते मिसळून जातात. दुरून जो समूह एका रंगाचा दिसतो, त्यात शिरल्यावर तो रंग कुणाच्याच अंगावर नसतो.

मुंगूस दिसला की शुभ मानतात. मुले त्याला रामाची शपथ घालून तोंड दाखवायला सांगतात. तोंड तो दाखवतोही. कुळ मात्र तोंडावर नसते.

ते कवटीच्या तळाशी असते. कानाच्या जागी हाडाचा एक पोकळ फुगवटा आहे. मुंगसाची कवटी पालथी धरली तर त्या फुगवट्याचे दोन भाग दिसतात. पुढचा लहान, मागचा मोठा, मध्ये खाच. खाचेच्या आत हाडाची पातळ भिंत. वीझलाच्या कवटीत हाच फुगवटा लांबट, चपटा आणि सलग असतो, आणि ती भिंत तिथे नसते. मांजर, जवादी, मुंगूस ही भिंतीची बाजू. कुत्रा, अस्वल, वीझल ही भिंत नसलेली बाजू. 1848 मध्ये टर्नर यांनी आणि 1869 मध्ये फ्लॉवर यांनी कवटीच्या तळाचा हा पुरावा मांडला. दिसण्याच्या आधारावर जुळवलेली पुष्कळ घरे त्यानंतर मोडली. पुढे जनुकांचा अभ्यास आला आणि त्याने या मोठ्या विभागणीवर शिक्कामोर्तब केले.

तिळाएवढी जाडी नसलेली भिंत. तिच्या अलीकडे एक वंश, पलीकडे दुसरा. कोट्यवधी वर्षे शिकार, पिल्ले, ऊन, पाऊस यांच्या धामधुमीत ती भिंत कुणाच्या कामी आली आणि किती, हे सांगणे अवघड आहे. पण ती पुसली गेली नाही. जे रोज वापरले जाते ते झिजते आणि बदलते. मूळ बहुधा बिनवापराच्या कोपऱ्यात शाबूत राहते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे ठाऊक असते. ती नातवंडाचा चेहरा पाहत नाहीत, कानाची पाळी पाहतात.

कवटी हाती यायला प्राणी मरावा लागतो.

वारसनोंदीच्या दिवशी तलाठ्याच्या टेबलापाशी असे चेहरे जमतात जे घरातल्या एकाही आजारपणात दिसले नव्हते. कागद त्यांना ओळखतो. नीट पाहिले तर त्यांच्यात मृताच्या कपाळाची ठेवण सापडते, बोलण्याआधी घसा साफ करण्याची लकबही सापडते. ज्याने अखेरची वर्षे उशापायथ्याशी बसून काढली तो दाराबाहेर उभा असतो. त्याचे नाव कोणत्याही रकान्यात बसत नाही. हे एकदा पाहिले की वर्गीकरणाचा विषय नुसता पुस्तकाचा राहत नाही.

रक्ताचा पुरावा खरा असतो. सेवेचाही खरा असतो. एकाच रकान्यात दोन्ही मागितले की कुणावर तरी अन्याय होतो.

भिंतीच्या हिशेबाने पाहिले तर माळावरची सोयरीक वेगळीच निघते. तरस कुत्र्यासारखा दिसतो, लांडग्याबरोबर एकाच रानात राहतो. पण तो मांजराच्या बाजूचा आहे, आणि मुंगूस त्याला मांजराहून जवळचा. रात्री मेलेले जनावर फोडणारा तो थोराड प्राणी आणि बांधावर टोळ वेचणारे हे चपळ जनावर यांची मुळे शेजारशेजारची आहेत. मादागास्करच्या फोसाला कितीतरी वर्षे मांजरांत मोजत. 2003 मध्ये जनुकांवरून दिसले की त्या बेटावरचे मूळचे सगळे मांसभक्षक एकाच पूर्वजाचे, आणि त्यांचे जवळचे सगे मुंगूस.

आणि वीझल? त्याचे घर मुस्टेलिडी. महाराष्ट्रात या घराचे दोन प्रतिनिधी ठळक. एक ऊद, नदीतला. दुसरा रॅटेल, कोरड्या झुडपी रानातला, ज्याला काही भागांत चांदी अस्वल म्हणतात. पाण्यातल्याला लोकांनी पाणमांजर म्हटले, रानातल्याला अस्वल. वीझल कुणाच्या मनात येण्याचे कारणच नव्हते. लिनियसने 1758 मध्ये उदाला वीझलाच्याच प्रजातीत बसवले होते, ते बरेचसे जमले. श्रेबरने 1776 मध्ये रॅटेलला जवादीच्या प्रजातीत घातले, ते चुकले. मुंगसालाही पहिली जागा जवादीशेजारीच मिळाली होती. कोण कुठे बसेल हे ठरवणाऱ्यांच्या हातात सुरुवातीला फक्त कातडी, दात आणि प्रवाशांनी सांगितलेल्या गोष्टी होत्या. एवढ्यावर जितके बरोबर आले तितकेही थोडे नाही.

ऊद आणि वीझल यांच्यात दिसण्यासारखे साम्य फार नाही. ऊद कळपाने राहतो, पाण्यात मासे घेरतो, काठावर एकमेकांच्या अंगावर लोळतो, सतत काहीतरी बोलतो. वीझल एकटा. रॅटेलही बहुधा एकटा, पण त्याला लपायची गरज वाटत नाही. मागचे सैल कातडे घेऊन तो मोठ्या जनावरालाही सामोरा जातो, आणि मधासाठी पोळ्यात तोंड घालतो. याच कुळातला समुद्री ऊद 40 किलोंच्या वर जातो. सर्वांत लहान वीझलाहून हजारपटीच्या घरात. तरी घर एक.

एका घरातली मुले एकमेकांसारखी नसली की आईबाप खंतावतात. वंश मात्र अशानेच टिकतो. ज्या घराने सगळी मुले बिळात मावणारीच हवीत असा हट्ट धरला असता, त्या घरात पोहणारा निपजला नसता.

या भागातल्या प्राण्यांची पहिली शास्त्रीय मोजदाद एका लष्करी अधिकाऱ्याने केली. विल्यम साइक्स यांना 1824 मध्ये मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी दख्खनची सांख्यिकी गोळा करायला नेमले. गावे, घरे, पिके, तापमान, पाऊस, पक्षी, मासे, जनावरे असे सगळे त्यांनी टिपले. 1831 मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे त्यांची दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी आली. इथल्या लांडग्याला त्यांनी शास्त्रात नाव दिले, ते उपजातीच्या रूपाने अजून चालते. यादीत त्यांनी मराठी नावेही लिहून ठेवली: लांडगा, कोळसून, खोकड. खोकडाचे तर शास्त्रीय नावच त्यांनी मराठीवरून बेतले होते. पण बंगालच्या खोकडाला 1800 मध्येच नाव मिळून गेले होते, आणि शास्त्रात आधीचे नाव राहते, नंतरचे गळते. कोकण्या, पाटील, पाव्हणा अशी जी हाक गावात पहिल्या दिवशी पडते, ती माणूस चाळीस वर्षे तिथे राहिला तरी सुटत नाही. पुढे आलेली अधिक अचूक माहिती त्या हाकेपुढे हरते.

साइक्स यांना ती नावे सांगणारे कोण होते, याची नोंद नाही. शिकारी असतील, गुराखी असतील, छावणीतले नोकर असतील. त्यांनी खोकड आणि कोल्हा वेगळे केले नसते तर यादीत ते वेगळे आले असते का? ज्ञानाच्या वहीत सांगणाऱ्याचा हात दिसत नाही. वही मात्र त्याच्याच बोलण्यावर भरलेली असते.

आता साम्याकडे पुन्हा पाहायला हवे, कारण भिंत सापडल्यावर साम्याला फसवे म्हणण्याची घाई झाली.

नागाच्या विषातले एक द्रव्य स्नायूंवरच्या एका ग्राहीवर जाऊन बसते आणि श्वास थांबवते. मुंगसांच्या शरीरात त्या ग्राहीची ठेवणच बदललेली आहे. विषाला नीट बसायला जागा मिळत नाही. हे 1992 मध्ये उलगडले. 2015 मध्ये दिसले की रॅटेलच्या शरीरातही त्याच जागी बदल झालेला आहे, आणि तो त्याने स्वतंत्रपणे कमावलेला. भिंतीच्या दोन बाजूंचे दोन प्राणी. एकाने दुसऱ्याकडून काही घेतले नाही, दोघांना एका पूर्वजाकडून हे आले नाही. साप तोच होता, एवढेच. हे कवच पुरते नसते. चपळाई कमी पडली तर मुंगूसही मरतो. लोक मानत आले की तो कुठलीतरी मुळी खाऊन विष उतरवतो. त्या समजुतीने एका वनस्पतीला मुंगूसवेल हे नाव मिळाले. उतारा रानात शोधला गेला. तो वंशाने पिढ्यान्‌पिढ्या मरण मोजून अंगात मुरवला होता.

शास्त्र अशा साम्याला अभिसारी म्हणते आणि वंशावळ मांडताना बाजूला काढते. वंशावळीपुरते ते योग्यच आहे. पण बाजूला काढलेले ते साम्य म्हणजे दोन जिवांनी एकाच संकटाला दिलेले उत्तर असते. जन्माहून ते कमी खरे कसे?

शिरूर आणि दौंडच्या उसात हंगामाला टोळ्या येतात. बीडच्या, अहिल्यानगरच्या. जाती वेगळ्या, गावे वेगळी, देव वेगळे. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली असते ती फेडायची असते. अंधारात फडात शिरायचे, बुडख्याशी वार घालायचा, वाढे छाटायचे, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचे. दोन-तीन हंगामांनंतर या सगळ्यांच्या हाताच्या तळव्यावर त्याच दोन जागी घट्टे पडतात: अंगठ्याच्या मुळाशी आणि करंगळीच्या खालच्या मांसावर. बायकांच्या मानेला एकच ताठरपणा येतो. पाचटाचे काप मनगटावर एकाच दिशेने जातात. ज्यांच्या घरांत एकमेकांत लग्न होणार नाही, त्यांचे हात एकमेकांच्या हातांची नक्कल असावी तसे दिसतात.

त्या हातांवर कुणाचे कुळ लिहिलेले नसते. पण एकीच्या पोटात दुखायला लागले की शेजारच्या कोपीतली बाई ते न सांगता ओळखते, आणि तिच्या वाटचा फड त्या दिवशी दुसरे कुणी तोडून देते. रक्ताच्या नातलगाला ते ओळखू आले असते याची खात्री नाही. एका संकटाने घडवलेल्या माणसांना परस्परांची ओळख पटवायला भाषा फारशी लागत नाही.

दौंडचे जंक्शन असेच. गाड्या बदलायला थांबलेली, नोकरीला आलेली, बदलीवर राहून गेलेली माणसे. रेल्वेच्या वसाहतीत शेजार पाळीनुसार ठरतो. रात्रपाळीची घरे दुपारी शांत असतात, आणि ती शांतता राखायची हे त्या गल्लीतल्या मुलांना कुणी शिकवावे लागत नाही.

या साऱ्याला नाते म्हणावे की नाही, यावर वाद घालता येईल. त्यासाठी रकाना नाही, हे मात्र नक्की.

घोड नदीच्या काठी, शिरूर तालुक्यात, इनामगाव आहे. 1968 ते 1983 या काळात डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी तिथे उत्खनन केले. साधारण इसवीसनपूर्व 1600 ते 700 या काळातली शेतकऱ्यांची वस्ती. गुरांची, शेळ्यामेंढ्यांची, हरणांची हाडे निघाली. ती निवडून, धुऊन, जातवार लावली गेली. घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफने निघाली. दोन मडकी तोंडाला तोंड लावून, आत मूल. मोठ्यांची पावले घोट्यापासून तोडलेली. त्या माणसांचे दात अभ्यासले गेले, आहार कळला, दुखणी कळली. त्यांची भाषा कळत नाही, आडनाव तर नाहीच. मूल गेले तर ते लांब न्यायचे नाही, घरातच ठेवायचे, एवढे मात्र समजते. तीन हजार वर्षांपूर्वीच्या कुणाशी आपले रक्त जुळते का, हे विचारायची गरज ते वाचल्यावर उरत नाही.

डेक्कन कॉलेजातच इरावती कर्वे होत्या. त्यांचे आयुष्य नाती आणि मापे यांत गेले. 1920च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला शिकत होत्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांची धारणा होती की गोऱ्या माणसाच्या कवटीची ठेवण वेगळी असेल, आणि तीत त्याच्या श्रेष्ठ बुद्धीचा पुरावा असेल. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. वंशानुसार तसा भेद निघत नाही, असे त्यांनी प्रबंधात लिहिले. परदेशी विद्यार्थिनी, मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध, त्या काळच्या जर्मनीत. कवटीच्या तळाशी मुंगसाचे कुळ लिहिलेले आहे, म्हणून माणसाच्या कवटीवर त्याची लायकी लिहिलेली असावी असे पुष्कळांना वाटत होते. एका प्रश्नाला उत्तर देणारे हाड दुसऱ्या प्रश्नापुढे मुके असू शकते, आणि ते मुके आहे हे लिहून ठेवायला धैर्य लागते.

स्कंक नावाचा अमेरिकी प्राणी दीर्घकाळ वीझलाच्या कुळात होता. 1997 मध्ये पुरावे मांडले गेले आणि तो कुळाबाहेर निघाला. त्याचे वेगळे कुळ झाले. त्याच्या दिनक्रमात काही बदल झाला नाही. अलीकडे भारतीय करड्या मुंगसाचेही प्रजातीचे नाव बदलले. हर्पेस्टिस होता, उर्वा झाला. बांधावरचा मुंगूस तसाच आहे.

माणसाला कुळाबाहेर काढले की तसे होत नाही. पाण्याचा हंडा, लग्नाची अक्षता, मयताचा खांदा, सगळे बंद होते. महाराष्ट्राला 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला, तो कशासाठी हे गावोगावच्या लोकांना सांगायला नको. प्राण्यांची विभागणी पुराव्याने बदलते आणि प्राण्याला दुखत नाही. माणसांची विभागणी बिनपुराव्याने होते आणि तिच्यामुळे माणूस मरतो.

शिरूर, दौंड, श्रीगोंदा, कर्जत या पट्ट्यात फासेपारधी राहतात. माळावरचे जनावर त्यांच्याइतके कुणाला कळत नव्हते. मातीवरचा ठसा पाहून कोणते जनावर, नर की मादी, रात्री गेले की पहाटे, हे सांगणारी म्हातारी माणसे त्यांच्यात होती. मुंगसाच्या पायाला पाच बोटे, रानमांजराच्या ठशात चार, हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवले नव्हते. ज्या विद्येला विद्यापीठात पदवी मिळते ती त्यांच्याकडे पोटाची गरज म्हणून होती.

1871 मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. 1911च्या सुधारित कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. कायद्याचे गृहीतक असे की गुन्हा रक्तातून उतरतो. लोहाराचा मुलगा लोहार, तसा चोराचा चोर. मग माणसाने काही केले आहे का, हे पाहण्याचे कारण उरत नाही. जन्म पाहिला की पुरे. हजेरी, परवाना, सोलापूरसारख्या ठिकाणी कुंपणातली वसाहत. 1952 मध्ये कायदा गेला. ज्यांना त्याने वर्गात घातले होते त्यांना विमुक्त म्हणू लागले. आजही शेतात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कोणत्या पालापाशी थांबते, हे त्या भागातला शाळकरी मुलगाही सांगेल.

दारिद्र्याने, हाकलले जाण्याने, जमीन नसण्याने ज्या गोष्टी माणसात येतात त्या या कायद्याने जन्माच्या खात्यावर टाकल्या. जे संकटाने घडवले ते रक्ताचे मानले. मुंगसाला वीझलाचा भाऊ मानण्यात ज्या जातीची चूक होती, तीच ही चूक. फरक इतकाच की ती सुधारायला मुंगसाने कुणापुढे हात जोडले नाहीत.

वर्गीकरणाबद्दल मनात राग धरावा असे हे सगळे आहे. पण राग पुरा होत नाही, त्याला कारण एक कुंचला.

चित्रकाराच्या हातातला उत्तम बारीक कुंचला पाश्चात्त्य देशांत कोलिन्स्की नावाने विकला जातो. त्याचे केस सायबेरियन वीझलाच्या शेपटीचे. भारतात त्याच कामासाठी मुंगसाचे केस वापरत आले. केस लवचीक, पाणी धरणारा, टोकाला निमुळता. कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झालेले दोन वंश इथे पुन्हा एकत्र येतात, लाकडी दांडीच्या टोकाला, पितळी नळीत घट्ट बांधलेले. एक किलो केसांसाठी 50 मुंगसे मारावी लागतात असा अंदाज आहे. कागदावर फिरणारी ती रेघ फार सुंदर असते. म्हणूनच तिची किंमत विचारायचे कुणाला सुचत नाही.

1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसाला संरक्षण आहे. 2019 मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोने ऑपरेशन क्लीन आर्ट नावाने देशभर छापे घातले, त्यांत महाराष्ट्रही होता. 50 हजारांहून अधिक कुंचले आणि 100 किलोंहून अधिक केस सापडले. केस सापडणे मात्र पुरेसे नसते. केस बकरीचे आहेत, कृत्रिम आहेत, असे म्हणायला आरोपी मोकळा असतो. मग ते डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेसारख्या प्रयोगशाळेत जातात. तिथे एक केस काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. वरच्या खवल्यांची मांडणी, आतल्या पोकळीचा आकार, पट्ट्यांची लांबी. त्यावरून कुळ लिहितात, मग जात. न्यायालयाला तेवढेच हवे असते. केस कोणाचा हे सांगता आले नाही तर खटला उभा राहत नाही.